वाफा किती उंच हवा

घरी उंच वाफा, म्हणजे चौकटीत माती भरून जमिनीपेक्षा वर उचललेला वाफा, करायचा ठरला की आधी चर्चा होते ती लाकडाची, मग जागेची, मग त्यात काय लावायचं याची. उंचीचा आकडा मात्र बहुतेक वेळा हाताला लागलेली फळीच ठरवते. फळी ३० सेंटीमीटर रुंद मिळाली म्हणून वाफाही ३० सेंटीमीटर उंच. माझ्या मते सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त विचार याच आकड्याचा व्हायला हवा. माती किती आणावी लागेल, ती किती खचेल, भिंती किती फुगतील, पाण्याच्या पाळ्या किती द्याव्या लागतील, या सगळ्याचं मूळ उंचीत असतं. एकदा वाफा भरला की हा आकडा बदलणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं.

उंच वाफ्याचा मुख्य फायदा निचऱ्याचा. पाऊस थांबल्यावर मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं आणि त्या जागी हवा शिरते. मुळांना ही हवा पाण्याइतकीच लागते. जमीन चिकण असेल किंवा जागा सखल असून दोन-दोन दिवस पाणी साचून राहत असेल, तर हवेला शिरायला वावच मिळत नाही, मुळं गुदमरतात आणि माती ओली असूनही रोप सुकल्यासारखं मान टाकतं. अशा ठिकाणी मुळांचा थर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एक वीत वर उचलला तरी पीक वाचतं. शिवाय वाफ्यात कोणी पाय देत नाही, त्यामुळे माती दबत नाही, आणि थंड हवेत ती लवकर तापते.

पण पाणी लवकर उतरतं याचाच दुसरा अर्थ वाफा लवकर सुकतो. कडेच्या भिंती उन्हाने तापतात, वारा चारही बाजूंनी लागतो आणि खालच्या जमिनीतली ओल वर चढायला अंतर जास्त पडतं. म्हणून जिथे जमीन मुळातच रेताड आहे आणि हवा कोरडी, उष्ण आहे, तिथे उंच वाफा करू नये असं मी स्पष्ट सांगेन. तिथे सपाट वाफा, किंवा जमिनीपेक्षा ५ ते १० सेंटीमीटर खोलगट वाफा जास्त बरा. पाणी त्यात थांबतं आणि मुळांपर्यंत मुरतं.

उघड्या जमिनीवर वाफा करायचा असेल तर १५ ते २० सेंटीमीटर उंची बहुतेक सगळ्या भाज्यांना पुरते, मात्र एका अटीवर. भरण्याआधी खालची जमीन कुदळीने किंवा काटेरी फावड्याने २० ते २५ सेंटीमीटर खोल मोकळी करून घ्यायला हवी. ती पलटी मारायची नाही, फक्त खिळखिळी करायची. मग वरचे २० आणि खालचे २५ मिळून मुळांना ४५ सेंटीमीटर मोकळी माती मिळते आणि विकत आणावी लागते ती फक्त वरच्या २० सेंटीमीटरची. हे काम वगळलं तर खालच्या कडक थरावर पाणी अडतं, मुळं त्यावर आडवी पसरतात आणि ज्या निचऱ्यासाठी एवढा खटाटोप केला तोच हरवतो. जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना पूर्ण कोरडी, असतानाच हे करावं. ओल्या चिकणमातीत हत्यार घातलं तर ढेकळं बनतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत.

३० सेंटीमीटरची उंची तेव्हा घ्यावी, जेव्हा खाली मुरूम किंवा भराव आहे आणि खणणं शक्य नाही. फरशी किंवा काँक्रीटवर थेट वाफा असेल तर पालेभाज्यांना २५ ते ३०, टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाज्यांना किमान ४५ सेंटीमीटर हवेत, कारण तिथे मुळांना खाली जायला जागाच नसते. ६० ते ७५ सेंटीमीटरची उंची रोपासाठी नसतेच, ती माणसासाठी असते. ज्यांना वाकता येत नाही किंवा जे चाकांच्या खुर्चीतून बागकाम करतात त्यांच्यासाठी ती मोलाची आहे, आणि तिथे खर्चाकडे, कष्टाकडे पाहू नये. बाकी कोणी केवळ छान दिसतं म्हणून इतका उंच वाफा बांधू नये.

गच्चीचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. ओली साधी माती दर लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे ३० सेंटीमीटर थराचं ओझं एका चौरस मीटरला ४५० किलोच्या आसपास जातं. राहत्या घरांची गच्ची बहुधा चौरस मीटरला १५० ते २०० किलोच्या वापरभाराचा (माणसं, सामान यांच्या वजनाचा) हिशेब धरून बांधलेली असते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) यांचं हलकं मिश्रणही भिजल्यावर या मर्यादेच्या वर जाऊ शकतं. त्यामुळे इमारतीचा आराखडा पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने होकार दिल्याशिवाय गच्चीवर मोठा वाफा करू नये. होकार मिळाला तरी वाफे तुळयांच्या किंवा भार पेलणाऱ्या भिंतींच्या रेषेवर ठेवावेत, आणि तळाखाली ५ सेंटीमीटर मोकळी फट राहील असे पायांवर उचलावेत, म्हणजे पाणी साचणार नाही आणि गळती सुरू झाली तर वेळीच दिसेल.

जागा निवडताना ऊन मोजावं, अंदाज करू नये. सकाळी ८ पासून दर दोन तासांनी सावली कुठे पडते ते पाहून खुणा कराव्यात. फळभाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या ३ ते ४ तासांत भागवतात. सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते, म्हणून एका महिन्यात उजेड असलेली जागा चार महिन्यांनी भिंतीच्या सावलीत जाऊ शकते. पाण्याचा नळ जवळ हवा. लांबून बादली आणावी लागली की पाळी चुकते, आणि उंच वाफ्याला चुकलेली पाळी सपाट वाफ्यापेक्षा फार लवकर बाधते. मोठ्या झाडाजवळ वाफा कधीच नको. झाडाची तंतुमुळं त्या ओल्या, खताने भरलेल्या मातीचा माग काढत खालून वर येतात आणि वर्ष-दोन वर्षांत वाफा मुळांच्या जाळीने गच्च भरतो. फांद्यांचा पसारा जिथे संपतो त्याच्याही बाहेर जावं.

रुंदी हाताच्या पोहोचीवरून ठरते. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर १२० सेंटीमीटर, लहानखुऱ्या माणसाला किंवा मुलांना काम करायचं असेल तर ९० ते १००. भिंतीला टेकलेला वाफा ६० ते ७० सेंटीमीटरच्या पुढे नेऊ नये, नाहीतर पलीकडच्या रोपापर्यंत पोचायला वाफ्यात गुडघा टेकावा लागतो. लांबी २.४ मीटरपर्यंत ठेवावी. फार लांब वाफा केला की माणसं वळसा घालायला कंटाळतात आणि मधूनच पाय टाकून पलीकडे जातात. दोन वाफ्यांमधली वाट ४५ ते ६० सेंटीमीटर, हातगाडी न्यायची असेल तर ९०. कागदावर आखताना वाट जागा खाते असं वाटतं, पण टोमॅटो वाढून बाहेर झुकला की ४५ सेंटीमीटरची वाट ३० ची होते.

आता भिंती. माती बाहेरच्या बाजूला ढकलते आणि हा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे उंची दुप्पट केली की एक मीटर लांबीच्या भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. १५ सेंटीमीटरचा वाफा अडीच सेंटीमीटर जाडीच्या फळीनेही उभा राहतो. ३० सेंटीमीटरला ४ ते ५ सेंटीमीटर जाडी आणि दर १.२ मीटरवर खुंट हवा. खुंट ३० ते ४० सेंटीमीटर जमिनीत ठोकावेत, आणि शक्यतो फळीच्या बाहेरच्या बाजूला. खुंट आत असेल तर माती फळीला खुंटापासून दूर ढकलते आणि सगळा ताण स्क्रूवर येतो. बाहेर असेल तर फळी खुंटावर रेलते आणि स्क्रू फक्त तिला जागेवर धरतो. दिसायला आतले खुंट नीटस दिसतात हे खरं, पण ४५ सेंटीमीटरच्या वाफ्यात मी बाहेरचेच पसंत करेन. लांब भिंतीच्या मधोमध, वरच्या कडेपासून ८ ते १० सेंटीमीटर खाली, समोरासमोरच्या फळ्या जस्त चढवलेल्या जाड तारेने किंवा आडव्या पट्टीने एकमेकींना बांधाव्यात. हे माती भरण्याआधीच करायचं. एकदा फुगलेली भिंत माती उपसल्याशिवाय सरळ होत नाही.

खिळे नकोत, स्क्रू हवेत. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं आणि या खेचाताणीत खिळा हळूहळू बाहेर येतो. ४ सेंटीमीटर जाड फळीला ८ सेंटीमीटरचे स्क्रू, गंजरोधक, आणि टोकाजवळ आधी बारीक भोक पाडून, नाहीतर फळी तडकते. चौकट बसवताना दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले की चारही कोन काटकोनात आहेत. पाणसळ लावून वरची कड सपाट करून घ्यावी. कड उताराला असेल तर पाणी एका टोकाला धावतं, तिथली रोपं सडतात आणि दुसऱ्या टोकाची सुकतात.

लाकडात सागवानाचा किंवा देवदाराचा गाभा टिकतो, बाहेरचं पांढरं लाकूड लवकर कुजतं. जुन्या फळ्या घेताना फार सावध राहावं. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरला क्रिओसोट हे डांबरापासून काढलेलं विषारी तेल लावलेलं असतं, ते खाण्याच्या पिकाजवळ नकोच. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवलेलं लाकूड एकेकाळी सर्रास वापरलं जाई. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते बनवणं उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस थांबवलं, पण मोडून काढलेल्या कुंपणातून ते अजूनही हाती येऊ शकतं. हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड, सोलपटं निघणारा जुना रंग, अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा, मोटारीचे टायर, हे सगळं नाकारावं. विटांची भिंत उत्तम. तिच्या तळाच्या थरात दर मीटरला एक उभा सांधा कोरा सोडावा, म्हणजे पाणी वाट काढतं. सिमेंटच्या ठोकळ्यांजवळच्या मातीचा सामू (पीएच) थोडा वर सरकतो, तो त्या कडेपुरताच. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा चालतो, पण माती खूप आम्ल असेल तर जस्त विरघळतं, आणि कडक उन्हात पत्र्याला लागून असलेली काही सेंटीमीटर माती इतकी तापते की कोवळी मुळं तिथे टिकत नाहीत. तिथे कडेची १० सेंटीमीटर जागा मोकळी ठेवून जाड आच्छादन घालावं.

तळाशी काय घालायचं याबद्दल फार चुकीच्या गोष्टी पसरल्या आहेत. खडीचा थर घातला की निचरा सुधारतो हा त्यातला सगळ्यात चिवट समज. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहज उतरत नाही. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि वरची माती अगदी गच्च भिजल्यावरच ते खडीत ठिबकू लागतं. म्हणजे खडीमुळे ओल्या मातीचा थर वर, मुळांच्या जागी सरकतो, आणि मुळांची खोली तेवढी कमी होते. तळाशी प्लास्टिक तर कधीच नको. गवत दाबायचं असेल तर साधा तपकिरी पुठ्ठा, त्यावरच्या चिकटपट्ट्या आणि पिना काढून, कडा १५ सेंटीमीटर एकमेकांवर चढवून, भिजवून अंथरावा. काही महिन्यांत तो कुजतो, तोवर खालचं गवत मरतं आणि गांडुळं वर येऊ लागतात. लव्हाळा किंवा हरळी असेल तर पुठ्ठ्याने भागत नाही, गाठी आणि खोडं आधी खणून काढावीच लागतात. उंदीर-घुशींचा त्रास असेल तर तळाला १२ मिलिमीटर छिद्राची जस्त चढवलेली वेल्डमेश जाळी ठोकावी. भरलेल्या वाफ्याखाली ती नंतर घालता येत नाही.

मातीचा हिशेब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं मीटरमध्ये, गुणिले १०००, म्हणजे लिटर. २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच वाफ्याला ८६४ लिटर लागतात. भिजल्यावर त्याचं वजन टनाच्या पुढे जातं. तोच वाफा २० सेंटीमीटरचा केला तर ५७६ लिटर. ताजं भरलेलं मिश्रण पहिल्या वर्षात १५ ते २० टक्के खचतं, म्हणून मागवताना हिशेबापेक्षा तेवढं जास्त मागवावं आणि काठोकाठ भरून घ्यावं. खचल्यावर वर ५ सेंटीमीटर जागा उरते, ती आच्छादनाला लागतेच.

मिश्रणात अर्धी किंवा थोडी जास्त पोयट्याची (वाळू, गाळ आणि चिकण कण यांचा समतोल असलेली) माती, तिसऱ्या हिश्श्याच्या आत पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, आणि उरलेला भाग माती मोकळी ठेवणारा. त्यात पालापाचोळ्याचं जुनं खत, धुतलेलं कोकोपीट किंवा जाड परलाइट येतं. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातले क्षार रोपांना बाधतात. दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्यावं. नुसत्या कंपोस्टने वाफा भरण्याचा मोह अनेकांना होतो. पहिल्या हंगामात त्यात पीकही जोमाने येतं. पण कंपोस्ट कुजतच राहतं, त्यामुळे दोन वर्षांत वाफा निम्मा खाली बसू शकतो, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) साठत जातं, आणि एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी आत घ्यायला तयार होत नाही. वाफ्याला टिकाऊ अंग देतात ते मातीतले खनिज कण. चिकणमातीत घमेलं-दोन घमेली वाळू मिसळण्याचाही उपयोग नाही, त्याने ती विटेसारखी घट्ट होते. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते. तिला खरा उपाय सेंद्रिय पदार्थाचाच.

आणलेली माती कशी आहे हे पाहायला एक पारदर्शक बरणी पुरते. तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकण कण एक-दोन दिवसांनी. थरांची जाडी मोजली की प्रमाण कळतं. बाहेरून आलेल्या खताची परीक्षा मात्र कुणीही टाळू नये असं मला मनापासून वाटतं. गवताळ कुरणांवर किंवा धान्याच्या शेतात वापरलेली अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड यांसारखी तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात तशीच उतरतात. कंपोस्ट करूनही ती महिनोन् महिने टिकतात. एवढा मोठा वाफा एका पोत्याने नासू शकतो. तीन कुंड्यांत ते खत आणि माती निम्मी-निम्मी, तीन कुंड्यांत खात्रीची माती घेऊन प्रत्येकीत चार-पाच घेवड्याच्या बिया लावाव्यात आणि तीन आठवडे पाहावं. पहिल्या तिन्ही कुंड्यांत कोवळी पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला, तर ते खत वाफ्यात घालू नये.

४५ सेंटीमीटर किंवा त्याहून उंच वाफा पूर्ण मातीने भरायची गरज नसते. तळाचा तिसरा हिस्सा जुने ओंडके, फांद्या, पालापाचोळा यांनी भरता येतो, फटींमध्ये माती ठासून आणि पाणी मारून. वर किमान ३० सेंटीमीटर चांगलं मिश्रण हवं. लाकूड कुजताना सूक्ष्मजीव नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात. कुजणाऱ्या पदार्थात कार्बन हा नत्राच्या ३० पटींच्या वर गेला की हे घडतं, आणि भुश्शात तो काहीशे पट असतो. लाकूड खोल असेल तर वरच्या मुळांना झळ लागत नाही, पण ताजा भुसा किंवा लाकडाचा चुरा वरच्या मातीत मिसळला तर पूर्ण हंगाम रोपं पिवळी राहतात. असा वाफा खचतोही जास्त, हे धरून चालावं. पावसात त्यावर बुरशीच्या छत्र्या उगवल्या तर घाबरू नये, लाकूड कुजत असल्याचीच ती खूण आहे.

पाण्याचा हिशेब चौरस मीटरवर करावा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. थंड दिवसांत वाढलेल्या पिकाला रोज २ ते ३ मिलिमीटर, कडक उन्हाळ्यात ६ ते ८ मिलिमीटर लागतं. आपला २.४ गुणिले १.२ मीटरचा वाफा २.८८ चौरस मीटरचा, म्हणजे उन्हाळ्यात रोज साधारण २० लिटर. झारीने हे नियमित घालणं कठीण जातं, म्हणून ठिबक. ३० सेंटीमीटर अंतरावर चार नळ्या, प्रत्येकीत ३० सेंटीमीटरवर ड्रिपर, म्हणजे ३२ ड्रिपर. प्रत्येकाचं पाणी तासाला २ लिटर धरलं तर एकूण ६४ लिटर. २० लिटरला सुमारे १९ मिनिटं. मिश्रण फार मोकळं असेल तर पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. तिथे ड्रिपर २० सेंटीमीटरवर घ्यावेत आणि वेळ दोन टप्प्यांत विभागावी. नळ्यांच्या सुरुवातीला १२० मेशची (इंचाला १२० छिद्रं) जाळी असलेला फिल्टर हवा, आणि महिन्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहू द्यावा. बंद पडलेला ड्रिपर सुकलेल्या रोपावरून कळतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

वेळापत्रकापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसून ओल लागली तर पाणी नको. दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी सावरतात, तेवढ्यावरून पाणी ओतत सुटू नये. सकाळीही पानं मलूल असतील तर मात्र माती खरोखर सुकली आहे किंवा मुळं कुजली आहेत, आणि या दोन्हींतला फरक बोटच सांगतं. वाफा एकदा फार सुकला की माती भिंतीपासून सुटते, फट पडते आणि वरून दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वर ओल दिसते, आत कोरडं. अशा वेळी फट मातीने बुजवून थोडं थोडं पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार वेळा द्यावं. टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तोही बहुधा याच अनियमित पाण्यामुळे. मातीत कॅल्शियम असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. पाणी तुटलं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. त्यावर चुना किंवा अंड्याची टरफलं घालण्याआधी पाणी सारखं करावं.

आच्छादनाशिवाय उंच वाफा चालवणं म्हणजे पाणी वाऱ्यावर सोडणं. वाळलेली पानं किंवा काड ५ ते ७ सेंटीमीटर जाड, खोडापासून चार बोटं दूर. खोडाला चिकटलं तर सालीशी ओल राहून बुरशी धरते. बी पेरलेल्या जागी रोपं १० सेंटीमीटरची होईपर्यंत थांबावं. कापलेलं हिरवं गवत जाड थरात घातलं की त्याची चिकट चटई होते आणि पाणी वरूनच ओघळतं. ते वाळवून, पातळ थरांत घालावं.

लागवडीत दाटी हा सगळ्यात सामान्य दोष. रिकामी माती पाहवत नाही, हे मी समजू शकते. पण २.४ गुणिले १.२ मीटरमध्ये टोमॅटोची ६० सेंटीमीटरवर दोन ओळींत आठ रोपं बसतात, वीस नाही. वीस लावली तर हवा खेळत नाही, पानं ओली राहतात, करपा येतो आणि वीस रोपांचं पीक आठ रोपांइतकंही भरत नाही. वांग्याला ६० सेंटीमीटर, मिरचीला ४०, कोबीला ४५, घेवड्याला १० ते १५, गाजर-मुळ्याला विरळणीनंतर ५ ते ८ सेंटीमीटर. सुरुवातीच्या महिन्यात टोमॅटोच्या मधल्या जागेत मुळा किंवा पालक घ्यावा. त्यांना सावली पडायच्या आत ते काढून होतात. उंच वेलींचा मांडव अशा बाजूला असावा जिथून त्याची सावली बाकी वाफ्यावर पडणार नाही.

देखभालीचा मोठा भाग खत आणि फेरपालट. दर वर्षी ३ ते ४ सेंटीमीटर कंपोस्ट वर पसरायचं, आपल्या वाफ्याला सुमारे १०० लिटर. खणून मिसळायचं नाही, ते काम गांडुळं करतात. चार-पाच वर्षांनी हेच प्रमाण २ सेंटीमीटरवर आणावं. वाफ्याची पातळी खाली गेली की माणूस ती कंपोस्टने भरत राहतो आणि स्फुरद अतोनात साठतं. मग मातीत लोह आणि जस्त असूनही रोपाला ते उचलता येत नाहीत, कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसते. पातळी भरायची असेल तर माती आणि कंपोस्ट दोन्ही घालावं. दर दोन-तीन वर्षांनी माती परीक्षण करावं. वाफ्याच्या पाच-सहा ठिकाणची १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र मिसळून त्यातली मूठभर द्यावी. सामू ६ ते ७ च्या दरम्यान बरा. ताजं शेण वाफ्यात घालू नये. घातलंच तर मातीला टेकणारं पीक काढण्याआधी चार महिने जाऊ द्यावेत. मातीवर पांढरी खरवड दिसली तर खत थांबवून भरपूर पाण्याने क्षार खाली धुवावेत.

पीक संपल्यावर रोप उपटू नये, मातीलगत कापावं. मुळं आत कुजतात आणि त्यांच्या वाटांनी पाणी-हवा खेळते. अपवाद रोगट रोपांचा. मुळांवर गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म कृमींच्या, आणि अशी मुळं तंतूसकट काढून वाफ्यापासून दूर न्यावीत. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एकच कुळ आहे. त्यांच्यापाठोपाठ तेच कुळ त्या वाफ्यात तीन वर्षं नसावं. एकच वाफा असेल तर हे पाळणं अवघड असतं, म्हणून निदान दोन मध्यम वाफे असावेत, एका मोठ्यापेक्षा. सूत्रकृमी वाढले असतील तर संपूर्ण वाफ्यात दाट झेंडू दोन-तीन महिने ठेवावा. चार कोपऱ्यांत चार रोपं लावून काही साधत नाही. किंवा कडक उन्हाळ्यात वाफा भिजवून, पारदर्शक पातळ प्लास्टिक मातीला घट्ट चिकटवून, कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे तापू द्यावा. काळं प्लास्टिक इथे कमी पडतं, कारण ऊन ते स्वतःच शोषतं. वरच्या थरातल्या बऱ्याच बुरश्या, सूत्रकृमी आणि तणांचं बी यात मरतं. नंतर कंपोस्टचा पातळ थर द्यावा, म्हणजे उपयोगी जीव परत येतात.

लाकडी भिंत आधी मातीलगत, आतल्या बाजूने आणि कोपऱ्यांत सडते. वर्षातून एकदा, वाफा रिकामा असताना, पेचकस टोचून पाहावं. टोक एक सेंटीमीटरहून जास्त सहज आत गेलं तर ती फळी पुढच्या पावसापर्यंत टिकणार नाही. बदलताना एका वेळी एकच बाजू घ्यावी. माती कडेपासून ३० सेंटीमीटर आत उताराने ओढून घ्यायची, जुनी फळी काढायची, नवी बसवायची, मग माती परत सारायची. चारही बाजू एकदम सडल्या असतील आणि वाफा १५-२० सेंटीमीटरचाच असेल, तर नव्या फळ्या आणण्याआधी एक पर्याय पाहावा. फळ्या काढून टाकून कडा तिरक्या उतरवायच्या, खाली १२० आणि वर ९० सेंटीमीटर रुंदी राहील असा गादीवाफा करायचा, आणि उतारावर जाड आच्छादन घालून ठेवायचं. कडेची थोडी माती दर हंगामात वाटेवर ओघळते, ती फावड्याने परत वर ओढावी लागते. बाकी पिकाला त्याने काही कमी पडत नाही.